भट्टीत झोपवलेलं पोलाद

ठणठणरावांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता एकही उरलेलं नाही, आणि त्यावाचून जगाचं काही अडलेलंही नाही. हे नाव पडलं त्यांच्या हातोडीवरून. वीतभर दांड्याची हातोडी, कायम मागच्या खिशात. समोर लोखंड दिसलं रे दिसलं की हातोडी बाहेर. ठण्ण! मग मान तिरकी करायची, डोळे मिटायचे, आवाज पार विरेपर्यंत ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "जमलंय," नाहीतर "फुकट गेलं." कारखान्यातल्या शाफ्टवर ठण्ण, रस्त्यातल्या दिव्याच्या खांबावर ठण्ण, शेजाऱ्यानं हौसेनं करून घेतलेल्या नव्या फाटकावर ठण्ण. एकदा दवाखान्यात तपासायच्या खाटेवर हातोडी मारून डॉक्टरांना म्हणाले, "जोड कच्चा आहे हो तुमच्या खाटेचा." डॉक्टर म्हणाले, "खाटेचं मी बघतो, तुम्ही जीभ दाखवा." एरवी या माणसाला जीभ चालवायला कधी सांगावं लागलं नव्हतं.

कामानं ते भट्टीवाले. चाकं फिरवणारे दांडे म्हणजे शाफ्ट, दातेरी चाकं, मनगटाएवढे बोल्ट असलं काय काय भट्टीत लाल करायचं, तेलात बुडवून कडक करायचं आणि पुन्हा तापवून त्याचा ताठा उतरवायचा. काम मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते काम करणाऱ्याबद्दल. भट्टीसमोर उभं राहून या गृहस्थांना असं वाटायला लागलं होतं की आग आपणच शोधून काढली. इंजिनिअर म्हणजे पुस्तकातले किडे. मालक म्हणजे नुसता तिजोरीवरचा नाग. आणि लेथवर काम करणारे टर्नर? "त्यात काय एवढं? लोखंडाच्या साली काढायच्या. बटाटे सोलतात तसं. लोखंडात जीव ओततो तो मी!"

हे ते टर्नरच्या तोंडावर म्हणायचे, आणि तो टर्नर त्यांचा सख्खा मेहुणा होता. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. स्वभावानं असा गरीब, की दाजींनी साली काढणारा म्हटलं की हा हसून मान डोलवायचा आणि पुन्हा शाफ्टवर वाकायचा. शाफ्ट जिथं जाडाचा बारीक होतो, तिथं काटकोनी कोपरा ठेवला तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून हा तिथं गोलाई द्यायचा, आणि ती नीट उतरली का ते करंगळी फिरवून बघायचा. यंत्रानं मोजून झाल्यावरसुद्धा करंगळी फिरवायचा. त्याच्या करंगळीला कारखान्यांच्या गल्लीत मान होता.

ठणठणरावांच्या बायकोला तो ताई म्हणे, म्हणून सगळी गल्लीच ताई म्हणे. या ताईनं लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा जेवणासोबत पोलाद गिळलेलं. ताटावर बसले की यांचं सुरू.

"साधं लोखंड कडक केलं की वरवर कडक, आत मऊचं मऊ. आपलं हे मिश्र पोलाद तसलं नाही! चिमूटभर क्रोम, चिमूटभर निकेल, बस. पण गुण बघ. तेलात बुडवलं की थेट गाभ्यापर्यंत कडक."

"भाजी वाढू?"

"पाण्यात घातलंस तर तडकेल. मानी असतं ते. आणि नुसतं कडक काय चाटायचंय? काचही कडक असते. म्हणून पुन्हा तापवायचं, कमी आचेवर. त्याला म्हणायचं टेंपर. मग ते वाकेल, पण मोडणार नाही. मोटारीचा आस, क्रेनचा हूक, खडी फोडायच्या यंत्राचा शाफ्ट, जिथं मार खायचाय तिथं हेच पोलाद."

"अहो, भाजी."

"आता खरी मेख ऐक. टेंपर झालं की जॉब, म्हणजे भट्टीतला तुकडा, लगेच बाहेर काढायचा आणि तेलात सोडायचा. भट्टीत तसाच ठेवून सावकाश थंड होऊ दिलास की संपलं. आतून ठिसूळ. आणि हरामखोर असं, की बाहेरून काही कळत नाही! कडकपणा मोजलास तर नंबर बरोब्बर. वाजवलंस तर आवाज खणखणीत. खाच पाडून तोडशील तेव्हाच कळेल. फक्त त्यात तिसरी चिमूट मॉलिब्डेनमची असली तर मग भट्टीत राहिलं तरी बिघडत नाही."

"तुम्ही बघता का तोडून?"

"मी? अगं, माझ्या हातचं तोडून बघायचं? नवरीला पसंत करताना हाडं मोडून बघतात का?"

असं बोलून हे स्वतःच हसणार, आणि तोवर भाताचा गोळा झालेला असणार. ताई मुकाट्यानं ताट उचलायची. खोटं कशाला बोला, सुरुवातीच्या वर्षांत तिला या माणसाचा अभिमान होता. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा यानं खिडकीच्या गजावर हातोडी मारून डोळे मिटले होते, आणि तिला वाटलं, काय माणूस आहे, लोखंडाशी बोलतो! नंतर कळलं, बोलतो फक्त हा. लोखंड बिचारं ऐकून घेतं, बायको ऐकते तसं.

नवऱ्यानं तिला दिलेल्या वस्तू म्हणाल तर दोन. दोन्ही लोखंडाच्या. घराला दोन दारं, पुढचं आणि मागचं, आणि दोन्हीला आतून लावायला एकेक अडसर. अंगठ्याएवढा जाड गोल गज, भिंतीतल्या कडीत नीट बसावा म्हणून एका टोकाजवळ गोल खाच. खाचा भावानं लेथवर पाडल्या, गज यांनी भट्टीतून काढले. मागच्या दाराचा अडसर लग्नानंतर लगेचचा. पुढच्या दाराला लाकडी फळी होती, ती फुगून बसली, म्हणून तिथला गज अगदी अलीकडे, कारखान्याच्या शाफ्टांच्या घाण्यात सोबत टाकून करून आणलेला. आणला त्या दिवशी दारातच ठण्ण करून म्हणाले, "बघ! चोराच्या बापाला मोडणार नाही."

आता तो घाणा कसा झाला ते ऐका, कारण सगळं रामायण तिथंच आहे.

गावातल्या तंत्रविद्यालयानं ठणठणरावांना व्याख्यानाला बोलावलं. विषय पोलाद. आधीच मर्कट, तशात मद्य प्यायलेलं! हा माणूस आठवडाभर आरशासमोर उभा. व्याख्यान संध्याकाळी, आणि त्याच दिवशी भट्टीत खडी फोडायच्या यंत्राचे शाफ्ट. त्या खेपेचं पोलाद मालकानं दुसरीकडून आणलेलं. "यात मॉलिब्डेनम नाही, निव्वळ निकेल-क्रोम आहे, जपून करावं लागतं," असं ठणठणराव स्वतःच चार ठिकाणी सांगत फिरत होते. ताईलाही सांगून झालं होतं. टेंपरची वेळ भरली तेव्हा यांनी काय करावं? दार उघडून जॉब काढायचे, तेलात सोडायचे. पण तेलात गरम लोखंड गेलं की धूर उठतो, कपड्यांना करपट वास चिकटतो, आणि अंगात होता इस्त्रीचा शर्ट. यांनी भट्टी बंद केली, दाराला हात लावला नाही आणि निघाले.

घरून ताईला सोबत घेतलं आणि वाटेत तिला म्हणाले, "जॉब आतच सोडलेत. सकाळी काढीन. एका रात्रीनं काय आभाळ कोसळतंय?"

आणि तिथं जाऊन मंचावर उभं राहून, टेबलावर हातोडी ठोकत, पोरांना काय सांगावं? "लक्षात ठेवा! निकेल-क्रोम पोलाद टेंपरनंतर भट्टीत झोपवायचं नाही! झोपवलंत तर ते पुन्हा उठत नाही!" टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. ताई पुढच्याच बाकावर होती. पण तिचं लक्ष यांच्या कॉलरकडे, कारण तिची एक बाजू आत दुमडली होती आणि ती खूण करून दमली होती. शब्द कानात गेले, आणि त्या वेळी तिथंच पडून राहिले.

सकाळी जॉब निघाले. नंबर बरोब्बर, आवाज खणखणीत. शाफ्ट गेले, घरचा गज घरी आला.

पुढं एका खडीच्या यंत्रावर त्यातला शाफ्ट मोडला. वाकला नाही, ताणला नाही, खडूसारखा कट्कन तुटला. चाक निसटून यंत्र चालवणाऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसलं. तो माणूस तेवढ्यात पाणी प्यायला उठला होता, म्हणून जगला. शाफ्ट तुटला होता नेमका जाडाचा बारीक होतो त्या ठिकाणी. झालं. मालकानं सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मालकाची अक्कल म्हणाल तर गणित सोपं: नंबर बरोबर म्हणजे भट्टी बरोबर, भट्टी बरोबर म्हणजे कोपरा चुकला, कोपरा चुकला म्हणजे टर्नर.

"गोलाई दिली होती मी," भाऊ म्हणाला. "हात फिरवून बघितली होती."

मालकानं ठणठणरावांकडे बघितलं. "तुम्ही भट्टीत घालताना हाताळले असतील. काय म्हणता?"

या क्षणी नुसतं मूग गिळून बसले असते तरी एक वेळ माफ केलं असतं. पण नाही. या पठ्ठ्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "कोपरा जरा हाताला लागत होता खरा."

सख्ख्या मेहुण्याच्या डोक्यावर खापर फुटलं, आणि फोडणाऱ्यानं वर रुमालानं हातोडी पुसली. भावाला घरी बसवलं. त्याच्या लेथवर ताडपत्री पडली. गल्लीतले बाकीचे कारखाने एरवी काम द्यायचे, आता तिथं उत्तर एकच, "सध्या जागा नाही." पाठ फिरली की हसू, "शाफ्टमोड्या आला होता." आयुष्यभर करंगळीनं कमावलेलं नाव आठवड्यात गेलं. आपल्या गल्ल्या अशाच. चांगलं बोलायला जीभ जड होते, आणि असलं नाव मात्र वाऱ्याआधी पोचतं.

भाऊ ताईकडे येऊन बसला. रडला नाही. पोरगा लहानपणीही रडायचा नाही, नुसता नखं कुरतडायचा. "ताई, मला एकच सांग," तो म्हणाला, "दाजी म्हणतात कोपरा हाताला लागला. दाजींचा हात चुकायचा नाही. मग माझीच करंगळी मेली का?"

चूक नसलेला माणूस स्वतःच्या बोटावर संशय घ्यायला लागला होता, आणि तोही त्या शहाण्याच्या शब्दावर! ताईनं त्याला चहा दिला, आणि चहा देता देता पुढच्या दाराच्या अडसराकडे तिची नजर गेली. हा गज कधीचा? शाफ्टांच्या सोबतचा. शाफ्ट कधीचे? व्याख्यानाच्या दिवशीचे. आणि मग बाकावर बसल्या बसल्या कानात पडून राहिलेले ते शब्द उठून बसले.

जेवायच्या वेळी तिनं विचारलं, "अहो, मोडलेला शाफ्ट व्याख्यानाच्या दिवशीचाच ना?"

"कुठल्या व्याख्यानाच्या?"

"तुम्ही काय शंभर केलीत? इस्त्रीच्या शर्टाच्या."

घास हातातच राहिला. "असेल. मग?"

"मग जॉब भट्टीत झोपवले होते तुम्ही."

"ए, तू मला पोलाद शिकवू नकोस हं! याआधी किती वेळा ठेवलेत मी रात्रभर. काही झालं नाही."

"तेव्हा त्यात तिसरी चिमूट होती. या खेपेला नव्हती, म्हणून तुम्हीच बोंबलत होता. मी नाही शिकवत तुम्हाला. तुम्हीच मला शिकवलंय, भात गार होईस्तोवर."

लग्नानंतर इतका शांत घास ठणठणरावांनी पहिल्यांदा गिळला असेल. शेवटी म्हणाले, "बरं. बोलतो मालकाशी."

ताईनं वाट बघितली. चुकतो माणूस, त्याचा तिला राग नव्हता. शर्टापायी चुकला, हसून सोडून दिलं असतं. तिला एवढंच हवं होतं की यानं आपल्या तोंडानं सांगावं. पण संध्याकाळ झाली की हे घरी, आणि रोज नवं कारण. मालक कामात होते. मालक बाहेर होते. मालकांचा चेहरा बरा नव्हता. एकदा तर म्हणाले, "माझंच तोंड आलंय." ज्या तोंडानं गल्लीभर लोकांना जेरीस आणलं, ते नेमकं तेव्हाच आलं! मग एक दिवस सहज सांगावं तसं म्हणाले, "उद्यापासून लेथवर नवा माणूस येतोय. चला, सुटला एकदाचा प्रश्न."

"कुणाचा?" ताईनं विचारलं.

सकाळी हे कामावर गेले, आणि ताईनं दोन्ही दारांचे अडसर काढले. फडक्यात गुंडाळले, खांद्यावर टाकले आणि भावाला हाताला धरून कारखान्यात नेलं. शेजारीण ओरडली, "अगं ताई, दारं उघडीच टाकलीस!" ताई म्हणाली, "असू दे. आत काय आहे?"

कारखान्यात मालक, ठणठणराव, भट्टीवरचे दोघेचौघे आणि नवा टर्नर, तो बिचारा ताडपत्री घडी करत उभा. ताईनं पुढच्या दाराचा गज लोखंड आवळून धरायच्या व्हाइसजवळ ठेवला. "हा त्याच घाण्यातला आहे. शाफ्टांसोबतच भट्टीत होता, सोबतच बाहेर आला. हा तोडून बघा. वाकला तर माझा भाऊ चुकला, मी माफी मागून जाईन. मोडला तर मग बघू."

ताईला काय ठाऊक, हा वाकणार का मोडणार? नवऱ्याच्या ताटावरच्या बडबडीवर तिनं भावाची उरलीसुरली अब्रू लावली होती.

एखाद्या शहाण्यानं या वेळी तरी हात जोडून सांगितलं असतं. पण ठणठणरावांच्या पोलादाला बायकोनं भरसभेत आव्हान दिलेलं! ते पुढं झाले, खिशातली हातोडी काढली. ठण्ण! खरंच सुरेख वाजला. मान तिरकी, डोळे बंद. "ऐकलंत? याला मोडणारा अजून जन्माला यायचाय. आण रे घण! मीच मारतो."

गज व्हाइसमध्ये खाचेपाशी आवळला. ठणठणरावांनी घण उचलला आणि घातला.

पहिल्याच घावात गज मोडला. वाकायचं नाव नाही. तुकडा उडून पत्र्यावर आदळला आणि गडगडत मालकाच्या पायाशी आला. मालकानं उचलला. मोडलेल्या तोंडावर साखर पसरावी तसे दाणे चमकत होते, ठिसूळ लोखंडाची खूण. मोडलेला शाफ्टही कोपऱ्यात पडला होता. त्याचंही तोंड हुबेहूब तसंच.

आणि ठणठणराव काय म्हणाले असतील? म्हणाले, "खाच धारदार होती."

ताईनं फडक्यातून दुसरा गज काढला. "हा मागच्या दाराचा. खाच माझ्या भावानंच पाडलेली, तीच, तेवढीच. भट्टी तुमचीच, पण तेव्हा तुम्हाला व्याख्यानाला बोलवत नव्हते. मारा."

घण ठणठणरावांच्या हातून सुटला. तो नव्या टर्नरनं उचलला, कारण त्याला कोण कुणाचं कोण हे माहीत नव्हतं. एक घाव, दुसरा, तिसरा. गज वाकला, आणखी वाकला, पार कोयत्यासारखा वळला. मोडला नाही. भावानं पुढं होऊन त्या खाचेत करंगळी फिरवली, सवयीनं, आणि खाली मान घालून उभा राहिला. खांदे हलत होते. लहानपणीसुद्धा न रडलेला पोरगा कारखान्यात सगळ्यांसमोर रडला.

लेथ त्याला परत मिळाली. पण मालक पक्का मालक. गिऱ्हाइकांना कळलं की आमच्या भट्टीनं शाफ्ट ठिसूळ केले, तर सगळेच शाफ्ट परत येतील, या भीतीनं त्यानं बाकीचे शाफ्ट "सुधारित माल देतो" म्हणून गुपचूप बदलून घेतले आणि सगळ्यांना दम भरला: ही गोष्ट या भिंतीबाहेर जायची नाही. म्हणजे गल्लीला काय दिसलं? शाफ्टमोड्या मेहुण्याच्या वशिल्यानं परत आला! लेथ आली, नाव काही आलं नाही. समोरच्या कारखान्यातला टर्नर त्याच्याशी बोलेना, चहाच्या टपरीवर याला बघून लोक पाठ करत. आणि ठणठणराव? त्यांनी मोडक्या गजाचा तुकडा हळूच उचलून आणला होता. कशाला, ते ताईला कळलं पुढच्या व्याख्यानाला.

हो, पुन्हा बोलावलं! तंत्रविद्यालयांना दुसरं कोण मिळत नाही. या खेपेला गल्लीतल्या कारखान्यांनाही निमंत्रण, त्यामुळे मागच्या बाकांवर टर्नर, फिटर, भट्टीवाले, आणि अगदी शेवटी, एकटा, भाऊ. पुढच्या बाकावर ताई. ठणठणराव मंचावर आले, इस्त्रीचाच शर्ट, कॉलर या खेपेला नीट. आणि खिशातून काढला तो तुकडा!

"हे बघा, पोरांनो," म्हणाले. "भट्टीत झोपवलेलं पोलाद कसं मोडतं ते बघा. कुणा निष्काळजी माणसानं टेंपरनंतर बाहेर काढलं नाही. नंबर बरोबर, आवाज बरोबर," ठण्ण! "आणि एका घावात दोन तुकडे. अशा माणसाला भट्टीजवळ उभं करू नये."

पोरं भराभर लिहून घेत होती. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ही अशी कातडी! आपल्याच पापाचा नमुना करून मिरवायला आणलाय, आणि ज्यानं भोगलं तो मागं एकटा बसलाय. ती उभी राहिली.

"कुणी झोपवलं तेही सांगा," ती म्हणाली.

ठणठणराव तिच्याकडे बघत राहिले. "अगं, ते... ते काय महत्त्वाचं नाही इथं."

"आहे. मागं बसलेल्यांना वाटतंय टर्नरनं मोडला. सांगा."

ठणठणरावांना काही सुचेना, की हात आपोआप हातोडीकडे जायचा, तसा गेला. ठण्ण. तुकडा सुरेख वाजला. आवाज विरला, तरी ते डोळे मिटून उभेच.

"वाजतंय छान," ताई म्हणाली. "आता बोला."

ठणठणरावांचे ओठ हलले. पुढच्या दोन बाकांना काहीतरी ऐकू आलं, बाकीच्यांना काहीच नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू नाही आलं! मोठ्यानं!"

आयुष्यात या माणसाला मोठ्यानं बोल असं सांगायची वेळ कुणावर आली नव्हती. त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली. "मी," ते म्हणाले. "मी झोपवलं. शाफ्ट माझ्या भट्टीत बिघडला. कोपरा... कोपऱ्याची गोलाई चांगली होती. मी खोटं बोललो."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. समोरच्या कारखान्यातला टर्नर उठला, शेवटच्या बाकावर गेला आणि भावाला म्हणाला, "सरक जरा." भाऊ सरकला. दोघं शेजारी बसले, एकमेकांकडे न बघता.

मंचावर ठणठणराव तसेच उभे होते, दोन्ही हात रिकामे, कुठं ठेवायचे ते न कळून. ताईला दया आली नाही. ती बाकावर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आता पुढचं शिकवा. पोरं थांबलीयत."